पोकळ वाजणारी भिंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

घर बघायला आलेला माणूस दोन गोष्टी हमखास करतो. नळ सोडून पाहतो आणि भिंतीवर बोटाचे पेर वाजवून पाहतो. ठक्क असा भरीव आवाज आला की त्याचा चेहरा खुलतो. ढब् असा आवाज आला की घरमालकाने आपल्या हातावर खोटे नाणे ठेवले असावे, अशा नजरेने तो बघू लागतो. आपल्या भाषेत 'पोकळ' या शब्दाला चांगले दिवस कधी आलेच नाहीत. पोकळ गप्पा, पोकळ आश्वासन, पोकळ डामडौल. आता त्यात पोकळ भिंतीची भर पडली आहे. ही भिंत म्हणजे जिप्सम बोर्डची भिंत. आज मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

श्रोतेहो, मी कविता लिहितो हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. पण कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून बी. ए. झाल्यापासून सांगलीत रंग आणि हार्डवेअरच्या दुकानात बसतो. खिळे किलोवर विकतो आणि शब्द फुकट वाटतो. या गल्ल्यावर बसून गेल्या वीसेक वर्षांत एक गोष्ट डोळ्यांसमोर बदलताना पाहिली. पूर्वी एका खोलीच्या दोन करायच्या म्हटल्या की लोक विटा नाहीतर प्लायवुड विचारायचे. त्याआधी हार्डबोर्ड, पत्रा, बांबूचे तट्टे. आता दहातले चार-पाच जण येऊन विचारतात, "जिप्समचं पार्टिशन घालू का? टिकतं का?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणारा दुकानदार तुम्हाला काहीतरी विकायला बसला आहे, असे खुशाल समजा. (पार्टिशन हा शब्द माझ्या नावाच्या माणसाने उच्चारला की काही जण उगाच गंभीर होतात. मी फक्त खोल्यांबद्दल बोलतो आहे.)

पोकळ भिंत ही परदेशातून आलेली नवी खुळे, असे म्हणणाऱ्यांना मी कोकणातल्या कुडाची आठवण देतो. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, त्यावर दोन्ही अंगांनी माती आणि शेण लिंपायचे, झाली भिंत. सांगाडा वेगळा आणि कातडी वेगळी. छपराचे वजन मेढींनी पेलायचे, कुडाने फक्त आडोसा द्यायचा. जिप्समच्या भिंतीचे तत्त्व नेमके हेच आहे. कारवीच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, आणि शेणमातीच्या जागी कागदात गुंडाळलेली जिप्समची पाटी. कुडावर कोणी माळा बांधत नसे आणि कुडाला टेकून कोणी धान्याची पोती रचत नसे. तेवढे भान ठेवले तर ही भिंतही निमूट नांदते.

जिप्सम हे नाव आमच्या सांगली-मिरजेकडच्या शेतकऱ्याला नवे नाही. कृष्णाकाठच्या जमिनी पाण्याच्या अतिवापराने बिघडल्या, त्यातली जी चोपण झाली तिला सुधारायला तो पोत्यांनी जिप्सम टाकतो. तोच हा खनिज पदार्थ. आपल्या देशात त्याच्या मोठ्या खाणी राजस्थानात आहेत, नागौर, बिकानेर या बाजूला. शिवाय खतांच्या कारखान्यांत आणि औष्णिक वीजकेंद्रांत उपपदार्थ म्हणूनही तो निघतो. त्याचा गुण मोठा गमतीचा आहे. दगड दिसायला कोरडा ठणठणीत, पण त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी असते. हे पाणी ओलावा म्हणून नसते, तर स्फटिकातच बांधलेले असते. दगड दळून दीडशे अंशांच्या आसपास तापवला की यातले पाऊण पाणी उडून जाते आणि उरते ती पांढरी भुकटी म्हणजे आपले प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून हे नाव. भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती गमावलेले पाणी परत धरते आणि काही मिनिटांत दगड होते. हाडवैद्याच्या ऐवजी डॉक्टरकडे गेलेल्या प्रत्येकाने हा चमत्कार स्वतःच्या हातापायावर अनुभवलेला आहे.

या लगद्याला दोन जाड कागदांच्या मधे दाबून पाटी करण्याची युक्ती अमेरिकेत निघाली. ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने १८९४ साली तिचे पेटंट घेतले. त्याच्या पाटीत कागदाचे आणि प्लास्टरचे थर एकावर एक होते. आजच्या पाटीत मधे जिप्समचा एकच गाभा आणि दोन्ही अंगांना कागद असतो. या कागदाला लोक वेष्टन समजतात, पण पाटीची अर्धी ताकद त्या कागदातच आहे. कागद फाटला की उरतो तो खडू. पुढे स्क्रूबद्दल बोलेन तेव्हा हे लक्षात असू द्या.

शब्दांचा धंदा करणाऱ्याने एक आगाऊ गोष्ट सांगितली तर चालेल ना? फारसीत 'गच' म्हणजे जिप्समचा किंवा चुन्याचा लेप. आपली गच्ची त्याच घराण्यातली. म्हणजे बोर्ड नवा असला तरी जिप्समचा हात आपल्या घरांवरून केव्हाच फिरून गेलेला आहे.

आता मुद्द्यावर येऊ. ही भिंत कधी घालावी? माझ्याच घराचे उदाहरण देतो, कारण तिथला हिशेब मी कागदावर मांडलेला आहे. आमचे घर जुन्या वस्तीतले, राहतो पहिल्या मजल्यावर. मोठी खोली बावीस फूट लांब, बारा फूट रुंद. मुलाचे लग्न ठरले. सूनबाई रुग्णालयात परिचारिका, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. म्हणजे तिला दिवसा झोप हवी. आणि माझ्या अम्मीचे वय ऐंशीच्या पुढे, कान मंद झालेले, रेडिओ गल्लीत ऐकू जाईल इतका मोठा. सकाळच्या बातम्यांपासून दुपारच्या गाण्यांपर्यंत तो रेडिओ हीच तिची सोबत. सुनेची झोप आणि सासूच्या सासूचा रेडिओ या दोघांमध्ये भिंत हवी होती, आणि ती विटांची घालावी असाच घरातल्या सगळ्यांचा कल होता.

ओळखीच्या इंजिनिअरना बोलावले. त्यांनी खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे पाहिले आणि विचारले, "भिंत येणार त्या रेषेखाली तुळई कुठंय?" तुळई नव्हती. भिंत स्लॅबच्या मधोमध येणार होती. मग त्यांनी हिशेब करून दाखवला. बारा फूट लांब, दहा फूट उंच, साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत सुमारे तीन टन भरते. म्हणजे सिमेंटची साठ पोती एका रेषेत, कायमची. त्याच मापाची जिप्समची भिंत, आणि तीही दोन्ही बाजूंनी दुहेरी पाट्यांची, साडेचारशे किलोच्या आसपास. नऊ पोती. एकेरी पाट्यांची घातली तर त्याच्याही निम्म्याने कमी. इंजिनिअर म्हणाले, "जुन्या स्लॅबवर साठ पोती ठेवून तुम्ही खाली शांत झोपणार असाल तर विटा घाला."

मराठवाड्याच्या सीमेवरच्या आपल्या लोकांना वजनाची ही गोष्ट वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेत गेली. घराचे वजन ही चैनीची बाब नाही. पण इथेच एक उलटी सूचनाही द्यायला हवी. हलकी भिंत घालण्यासाठी जुनी जाड भिंत काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. जुन्या घरांत छताचा भार भिंतींवरच असतो. जिप्समची भिंत स्वतःला उभी ठेवते, दुसऱ्या कोणाला नाही. जुनी भिंत पाडण्यापूर्वी इंजिनिअरला दाखवाच. कंत्राटदाराच्या "काही होत नाही" या तीन शब्दांवर छत उभे राहत नाही.

ती कुठे घालू नये, हे आमच्या गावात सांगायला सोपे आहे. कृष्णेने ते २००५, २०१९ आणि २०२१ साली येऊन सांगितले. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर मारुती चौकासारख्या भागातली तळमजल्यावरची दुकाने उघडली, तेव्हा आतल्या जिप्समच्या भिंतींची खालची बाजू चहात बुडवलेल्या पावासारखी झाली होती. बोट लावले की आत जायचे. कागद सुटून लोंबत होता, आतल्या कापसासारख्या लोकरीने पाणी धरून ठेवले होते आणि आठवड्याभरात त्यातून असा वास सुटला की काढून फेकण्याशिवाय इलाज नव्हता. विटांच्या भिंती मात्र धुऊन, वाळवून पुन्हा उभ्या. तेव्हापासून पूररेषेतला कोणी तळमजल्यासाठी बोर्ड मागायला आला तर मी त्याला आधी चहा पाजतो आणि मग विटांचा नाहीतर एएसी ब्लॉकचा रस्ता दाखवतो. हे ब्लॉक पाण्याने खराब होत नाहीत असे नव्हे, पण वाळले की उभे राहतात, आणि चार इंची ब्लॉकची गिलावा केलेली भिंत विटांच्या निम्म्याहून कमी वजनात होते.

पुराखेरीजही पाण्याचे मार्ग अनेक आहेत. बाहेरची भिंत, पश्चिमेकडून पावसाचा मारा सोसणारी भिंत, गच्चीखाली ओल झिरपणारी जागा, या ठिकाणी हा बोर्ड लावू नये. ओल लपवण्यासाठी तर मुळीच लावू नये. कित्येकांची हीच इच्छा असते. आधी गळती बंद करा. झाकलेली ओल मागच्या मागे कागदावर बुरशी धरते. जिप्सम वाळवी खात नाही, पण कागद हे तिचे पक्वान्न आहे. वाळवी असलेल्या घरात आधी तिचा बंदोबस्त करावा. न्हाणीघरासाठी हिरव्या कागदाचा बोर्ड मिळतो. तो दमट हवा सोसतो, अंगावर पडणारे पाणी नाही. शॉवरखाली सिमेंटचा बोर्ड नाहीतर सरळ विटाच बऱ्या.

आणि आपली ती सणासुदीला बादलीने फरशी धुण्याची सवय! पाटी जमिनीला टेकली असेल तर दिव्यातल्या वातीसारखी ती पाणी वर ओढते. म्हणून बोर्ड फरशीपासून सुमारे अर्धा इंच वर ठेवायचा आणि ती फट लवचिक सीलंटने बुजवून वर फरशीची पट्टी लावायची. स्वयंपाकघरालगत असेल तर मी त्याहून पुढे जाऊन सांगतो, खाली तीन-चार इंचांचा काँक्रीटचा लहानसा कट्टा ओता आणि त्यावर भिंत उभी करा. उंबऱ्याएवढ्या या कट्ट्याने भिंतीचे आयुष्य वाढते.

खरेदीकडे वळू. पाट्यांचे रंग ही एक सोय आहे. साधा बोर्ड पांढरट कागदाचा, ओलावा सोसणारा हिरवट, आगीला अधिक वेळ तोंड देणारा गुलाबी. आगीचा विषय निघाला म्हणून सांगतो, साधा बोर्डही या बाबतीत प्लायवुडपेक्षा कितीतरी शहाणा. चार बाय सहा फुटांची एक पाटी साधारण वीस किलोची, तिच्यात साडेतीन-चार लिटर पाणी बांधलेले असते. आग लागली की आधी हे पाणी वाफ होऊन निघते, आणि ते निघून जाईपर्यंत पाटीची मागची बाजू शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. दोन्ही बाजूंना एकेक पाटी लावलेली भिंत नीट बांधली असेल तर साधारण अर्धा तास आग अडवते. अर्ध्या तासात म्हातारे माणूस जिन्याने खाली नेता येते.

भिंतीसाठी जाडी साडेबारा मिलिमीटरच घ्या. स्वस्त पडते म्हणून पातळ पाटी गळ्यात मारली जाते, ती भिंतीला चालत नाही. पाटीवर भारतीय मानकाचा आयएस २०९५ हा क्रमांक आणि आयएसआयची खूण पाहा. लांब कडा किंचित उतरत्या असलेली पाटी मागा, दोन पाट्यांच्या सांध्यात पट्टी आणि मसाला बसायला त्या उताराचीच जागा लागते. गोदामात पाट्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या असतील तर त्या वाकलेल्या असण्याची शक्यता धरा. सपाट आधारावर, जमिनीपासून वर, आडव्या रचलेल्या हव्यात. नेताना मात्र दोघांनी पाटी उभी धरून न्यायची. आडवी धरली की मधोमध कचकन मोडते. दहा फुटी पाटी घेतली तर सांधे कमी होतात हे खरे, पण जिना वळणाचा असेल तर ती रस्त्यातच राहील. आमच्या जिन्यातून सहा फुटीच चढल्या. पाटीचे माप शेवटी जिना ठरवतो.

लोक पाटी निरखून घेतात आणि सांगाड्याकडे ढुंकून पाहत नाहीत, हे माझे मोठे दुखणे आहे. खरी बनवाबनवी पत्र्यात होते. उभी पट्टी निदान अर्धा मिलिमीटर जाडीच्या जस्ती पत्र्याची हवी. दोन बोटांत दाबून पिळून पाहा, पत्रावळीसारखी वाकली तर परत द्या. आठ-नऊ फूट उंचीला पन्नास मिलिमीटर रुंदीची पट्टी चालते, दहा फुटांसाठी मी सत्तरची घेतली.

बसवायला आलेला पोरगा नागौरचाच निघाला. जिप्समही तिकडचे आणि कारागीरही. मला चचा म्हणायचा. त्याचे काम पाहत मी तीन दिवस दुकान मुलावर सोडले. पहिल्या दिवशी त्याने एकही पाटी उचलली नाही. फरशीवर रंगाची दोरी ताणून सूत मारले, मग ओळंबा सोडून तीच रेषा छतावर नेली. आमच्या घरात ओळंब्याला साहुल म्हणतात. अम्मी खाटेवरून बघत होती, तिला साहुल दिसला तेव्हाच हा पोरगा काम जाणतो अशी तिची खात्री पटली. नंतर खाली आणि वर आडव्या पट्ट्या. त्या फरशीला टेकवण्यापूर्वी त्यांच्या पाठीवर सीलंटची जाड रेघ ओढायची. उभ्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर. त्या उंचीपेक्षा किंचित आखूड कापायच्या आणि वरच्या पट्टीत नुसत्या सरकवायच्या. छत उन्हाने, वजनाने रेसभर हलते. पट्टी घट्ट बसवली तर ते हलणे भिंतीत उतरते आणि तडा जातो. दार असेल तिथे दोन्ही बाजूंना दुहेरी पट्टी आणि आत लाकूड. नाहीतर प्रत्येक वेळी दार आपटले की अख्खी भिंत दचकते.

पाटी कापताना करवत लागत नाही. समोरच्या कागदावर सुरीने सरळ रेघ मारायची, पाटी मागे मोडायची, कट् असा आवाज येतो, आणि मग मागचा कागद कापायचा. स्क्रू कडेला आठ इंचांवर, मधल्या भागात फुटाफुटावर. आणि आता ते कागदाचे प्रकरण. स्क्रूचे डोके कागदाच्या पातळीखाली केसभर जावे, पण कागद फाटू नये. फाटला तर त्या स्क्रूने काही धरलेले नाही असे समजून शेजारी दुसरा मारायचा. चांगला आणि वाईट कारागीर ओळखायची ही सोपी खूण आहे. काम चालू असताना भिंतीवरून तळहात फिरवा. डोकी हाताला लागली तरी वाईट, खड्डे लागले तरी वाईट.

एका बाजूच्या पाट्या लावून झाल्या की मधे थांबायचे. या पोकळीतून विजेच्या नळ्या जातात, त्या आत्ताच टाकून घ्यायच्या. दोन्ही खोल्यांची बटणांची पेटी पाठीला पाठ लावून कधीही बसवू नये, एका पट्टीचे तरी अंतर हवे. का, ते सांगतो. 'भिंतीला कान असतात' अशी म्हण आहे. या भिंतीचे कान म्हणजे तिच्या फटी. आवाज हा पाण्यासारखा असतो, त्याला भिंतीची जाडी किती याच्याशी देणेघेणे नाही, भोक कुठे आहे एवढेच तो बघतो. पाठीला पाठ लावलेल्या दोन पेट्या म्हणजे दोन खोल्यांमधला टेलिफोनच.

सूनबाईच्या झोपेचा सवाल असल्यामुळे आवाजाच्या बाबतीत मी चिकटपणे चौकशी केली. दोन्ही बाजूंना एकेक पाटी आणि मधे नुसती हवा असेल तर प्रयोगशाळेत ती भिंत सुमारे पस्तीस डेसिबल आवाज अडवते. एवढ्यात पलीकडचे मोठ्याने बोललेले शब्द कळतात. साडेचार इंची गिलाव्याची विटांची भिंत पंचेचाळीसच्या आसपास. आणि दोन्ही बाजूंना दुहेरी पाट्या, सत्तरची पट्टी, पोकळीत पन्नास मिलिमीटर जाडीची काचेची नाहीतर दगडी लोकर, असे केले तर आकडा पन्नासच्या घरात जातो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे ध्यानात घ्या म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. वजन कमी असूनही हे जमते, कारण दोन कातड्या एकमेकींना फारशा चिकटलेल्या नाहीत. एक हलली तर दुसरीला हलवायला मधली हवा आणि लोकर राजी नसते. म्हणजे ज्या पोकळपणाला लोक नावे ठेवतात तोच इथे कामाला येतो.

दुसऱ्या थराच्या पाट्या पहिल्या थराच्या सांध्यावर सांधा येणार नाही अशा सरकवून लावायच्या, विटांचा सांधा मोडतात तसा. आम्ही बावीस पाट्या आणल्या, वीस लागल्या. दार या भिंतीत घेतलेच नाही, बाजूच्या बोळाकडे ठेवले आणि भरीव पल्ल्याला रबरी पट्टी लावली. भिंत पन्नासची आणि दार वीसचे, असा संसार कामाचा नाही. आता दुपारी अम्मीचा रेडिओ पूर्वीच्याच तारेत चालू असतो. सुनेला विचारले, काही ऐकू येते का? म्हणाली, शब्द कळत नाहीत, पण गाणे संपून बातम्या सुरू झाल्या एवढे समजते. छतातून आणि बाजूच्या भिंतींतून थोडे येणारच. त्यावर ती झोपते.

दुसरी बाजू बंद करण्यापूर्वीची आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या भिंतीवर पुढे काय काय टांगणार, याची यादी घरातल्या बायकांना विचारून करा. पुरुषांना फक्त टीव्ही आठवतो. कपाट, मांडणी, आरसा, पंखा, इस्त्रीचे टेबल, मुलाचे दप्तर अडकवायची खुंटी. जिथे वजन येणार तिथे दोन पट्ट्यांच्या मधे प्लायवुडचा जाड तुकडा आतून बसवून घ्यायचा. मग बाहेरून त्यात स्क्रू खुशाल मारा. सगळे बसल्यावर टेप लावून मोबाईलवर फोटो काढा, फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती ते दिसले पाहिजे. पाच वर्षांनी तोच फोटो तुम्हाला वाचवेल. दिनदर्शिका, तसबीर असल्या हलक्या वस्तू नुसत्या पाटीवरही राहतात, पण विटांसाठीची प्लास्टिकची गुल्ली इथे धरत नाही. पाटीच्या मागे जाऊन फाकणारे खास बोल्ट मिळतात, ते वापरा.

सांध्यांचे काम सगळ्यांत कंटाळवाणे, आणि घाईही तिथेच होते. आमच्या भागात सांध्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरून वर पेंटरची लांबी ओढण्याची पद्धत आहे. दिसते छान. पण सांध्यासाठीचा मसाला वेगळा मिळतो, त्यात किंचित ताणले जाण्याचा गुण असतो, तो नुसत्या पीओपीत नाही. मसाल्याचा पहिला थर, त्यात कागदी पट्टी दाबून बसवायची, तो वाळला की दुसरा थर थोडा रुंद, मग तिसरा आणखी रुंद. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. आषाढात हे काम काढले तर वाळायला दुप्पट वेळ धरा, शक्यतो काढूच नका. मग हलक्या हाताने पॉलिश पेपर, आणि रंगाआधी पूर्ण भिंतीला प्रायमर. प्रायमर चुकवला तर कागद एका दराने रंग पितो आणि मसाला दुसऱ्या दराने, आणि तिरप्या उन्हात प्रत्येक सांधा बरगडीसारखा दिसतो. पेंटर तुम्हाला सांगेल की गरज नाही. तो खोटे बोलत नसतो, त्याला फक्त पुढच्या घरी जायचे असते.

उरलेल्या दोन पाट्या मी माळ्यावर आडव्या ठेवल्या आहेत. घरात मूल आले की तीनचाकी सायकल येते आणि सायकल भिंतीवर जाते. भोक पडले तर त्याच्याभोवती सुरीने नीट चौकोन कापायचा, आत लाकडाची एक पट्टी आडवी धरून दोन्ही टोकांना बाहेरून स्क्रूने आवळायची, राखून ठेवलेल्या पाटीचा तेवढाच तुकडा त्या पट्टीवर बसवायचा, चारी कडांना मसाला आणि कागदी पट्टी, वाळल्यावर पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग. यासाठी रंगाचा डबा संपवून टाकू नका, वाटीभर तरी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि बरणीवर छटेचा नंबर लिहा.